राख्या बांधलेला पाय

हे मी कोणाला सांगितलं नाही. बायकोला नाही, तिन्ही पोरींना नाही. तुला सांगतो, गड्या — मध्ये अडलो तर घाई करू नको. दुसरीपर्यंत शिकलेला माणूस मी, लिहिणंही तसंच, अडत अडत.

इंग्रजांचं राज्य होतं तेव्हाचं. आमचं गाव सालेकसाकडचं, सगळं धानाचं. एका पावसाळ्यात बांधीत, धानाच्या खाचरात, पाणी चढलं आणि सारसाचं घरटं वाहून गेलं. एक अंडं धुऱ्याला, खाचराच्या कडेच्या मातीला, अडकलेलं सापडलं. माझ्या बायकोनं, फुलवंतानं, ते खुडूक कोंबडीखाली ठेवलं. पिल्लू निघालं. कोंबडीनं त्याला चोच मारली, तेव्हा ते माझ्या पायाशी आलं — आणि मग तो पाय त्यानं सोडला नाही.

पोरी त्याला भाऊ म्हणायच्या. वर्षात माझ्या खांद्याला लागला. राखीला तिघींनी त्याच्या पायाला तीन राख्या बांधल्या. तो मान वाकवून उभा राहिला, शहाण्यासारखा. मला मुलगा नव्हता. खोटं कायले बोलू? मलाही तो मुलगाच वाटायचा.

मग काऊन केलं असं? तेच तर —

पोळ्याला तोरणाखाली बैल उभे होते. माझ्या जोडीमागं तोही येऊन उभा राहिला. शेजारच्या बांधीचा धोंडू सगळ्या गावासमोर म्हणाला, "काऊन गा, बैलाइच्या संगं पोरगं बी आणलं का? तुहा हा वंशाचा दिवा माह्या धानात लोळून राहिला!"

लोक हसले. गावाचा मालक, मालगुजारही हसला. हसू द्यायचं होतं ना? धोंडू काही वाईट नव्हता. पण मी ओरडलो, "उद्यापासून दिसला तर माही मिशी उतरवजो!"

दुसऱ्या दिवशी सकाळी निघालो. तलाव दोन कोसांवर. दोरी लागली नाही — तो मागं मागं चालत आला. तलावावर रानातली जोडी होती, तिनं त्याला चोची मारून हाकललं. तो माझ्याकडे पळत आला. मी ढकललं. परत आला. दगड मारला. परत आला. कोणाकडे जाणार होता तो?

मग मी काठी घातली. पायावर. त्याच पायावर — राख्यांच्या जरा वर.

पाय मोडल्याचा आवाज मी ऐकला. तो चिखलात बसला, आणि लहानपणी खायला मागताना करायचा तसा बारीक आवाज करू लागला. माझ्याकडेच बघून. उचलून घरी आणता आलं असतं. नाही तर तिथंच संपवता आलं असतं. मी दोन्हीतलं काहीच केलं नाही. पाठ फिरवली. तो आवाज मागून येतच राहिला.

घरी सांगितलं — जोडी भेटली, त्यांच्यासंगं उडून गेला.

फुलवंता रडली, मग डोळे पुसून म्हणाली, "अजी, तुमी बहुत मोठं काम केलं. दुसऱ्यानं पंख कापून ठेवले असते." जन्मभर तिनं हे बायकांना सांगितलं. धानावरून सारसांची जोडी ओरडत गेली की हातातलं काम टाकून अंगणात यायची.

"त्यातला आपला कोणता जी?"

मी बोट दाखवायचो. दर वेळी. "तो मागचा."

आता ती गेली. तेराव्याला पोरी पाहुण्यांना तेच सांगत होत्या — आमच्या बाबानं भावाला मोकळं सोडलं. म्हातारा धोंडू डोळे पुसत होता. मी मान डोलावली.

मिशी माझी अजून आहे.