वेंडेलचा पस्तीस हजार टनांचा करार

अमेरिकेतल्या डुलुथ शहराचा निवृत्त बॉयलर-तपासनीस वेंडेल हाउगे अकरा वर्षं एकच युद्धनौका कागदावर काढत होता. देश त्यानेच कल्पलेला, नौका कधीच न बांधली गेलेली. पण १९२२च्या नौदल कराराने युद्धनौकेच्या वजनावर घातलेली पस्तीस हजार टनांची मर्यादा त्याला देवाज्ञेसारखी. चाळीस टन जास्त भरले, तेव्हा पठ्ठ्याने खलाशांची बेकरीच खोडून टाकली.

"करार करणारे कधीच मेले, वेंडेल. तुला पकडणार कोण?" बायको लोर्ना म्हणाली.

"मीच!"

पुढे डॉक्टरांनी त्याच्याच वजनाला दोनशे पौंडांची मर्यादा घातली. रविवारी पॅनकेक हाणून तो काट्यावर चढला. दोनशे चार!

"चार धरू नकोस," तो बेधडक म्हणाला. "करारात इंधनाचं वजन धरत नाहीत. पॅनकेक म्हणजे माझं इंधन."

लोर्नाने सिरपची बाटली उचलून कपाटात ठेवली.

"इंधन धरत नाहीत, पण शिधा धरतात. रोज जेवताना हेच ऐकतेय, कलमं पाठ झालीत मला. आणि चाळीस टनांसाठी त्या बिचाऱ्यांची बेकरी बंद केलीस ना? मग आजपासून तुझीही बंद."