दादाच्या घराला कड्या नाहीत

घाटावरचा आणि घाटाखालचा असा सगळा बुलडाणा जिल्हा पालथा घातला, तरी आमच्या दादाइतका गाजावाजा करत घरात शिरणारा माणूस सापडायचा नाही. बाकीचे लोक घरी येतात, दादा दाखल होतो. नांदुऱ्याला त्याचं बी-बियाण्यांचं दुकान आहे. ते बंद करून निघाला, की गल्लीच्या तोंडापासूनच त्याची दवंडी सुरू होते. "आलो हो, मीच हाय! हा पाहा, आलो!" गल्लीतली कुत्रीसुद्धा आता मान वर करत नाहीत. मग दारात चपला आपटायच्या, दोनदा खाकरायचं, चौकटीवर बोटांनी ताल धरायचा आणि नंतर स्वतःच्याच घरात पाऊल टाकायचं. एकदा त्याचा घसा बसला आणि डॉक्टरांनी बोलायला बंदी केली, तर हा पठ्ठ्या ताटली आणि चमचा घेऊन दुकानात गेला आणि संध्याकाळी ती वाजवत परतला. शेजारच्या काकू कुल्फीवाला आला म्हणून नातवाला घेऊन धावत बाहेर आल्या. "अरे, घर तुझंच आहे ना?" मी एकदा वैतागून विचारलं. तो म्हणाला, "घर माहंच हाय. पण आतल्या माणसाले आधी कळाले पायजे ना, कोण येऊन राह्यलं ते."

त्या घराची आणखी एक तऱ्हा होती. बाहेरचा दरवाजा सोडला, तर घरात कुठेही कडी नव्हती. नवीन घर बांधून सुताराने दारं बसवली, त्याच दिवशी दादाने स्क्रू ड्रायव्हर घेतला आणि आतल्या सगळ्या दारांच्या कड्या स्वतः काढून टाकल्या. न्हाणीघराचीसुद्धा. त्यामुळे दादाकडे अंघोळीला गेलेल्या पाहुण्याने आत आपण आहोत हे ओरडून सांगत राहावं, अशी रीत पडली. वहिनी ओव्या म्हणते, पुतणी सिनेमातली गाणी. माझे सासरे एकदा मुक्कामाला गेले. निवृत्त माणूस, स्वभावाने कडक, आयुष्यात कधी गुणगुणलेले नाहीत. आता काय म्हणावं हे त्यांना सुचेना. शेवटी न्हाणीघरातून खणखणीत आवाजात पाढे ऐकू येऊ लागले. एकोणतीसच्या पाढ्यापर्यंत अंघोळ पोचली, तेव्हा दादा बाहेरून ओरडला, "मामा, पाठीले साबण लागला का नाई अजून?" सासरे त्यानंतर नांदुऱ्याला राहायला म्हणून गेले नाहीत आणि मी घरात महिनाभर मान खाली घालून वावरत होते.

मला त्याची लाज वाटायची, हे सरळच सांगते. मी बुलडाण्याला शाळेत शिकवते. चार लोकांत नीट बोलावं, नीट बसावं अशी माझी धडपड. आणि दादाचं नीट बसणं म्हणजे कुठल्याही घरात दाराकडे तोंड करून बसणं. त्यासाठी तो यजमानालाही उठवायचा. दोन माणसांचा आवाज जरा चढला, की याचा खेळ सुरू. एका लग्नात मानपानावरून व्याही-व्याही हातघाईवर आले. दादा पुढे झाला, डोक्यावर उपरणं बांधलं आणि वाजंत्री नसताना दोघांच्या मधोमध नाचू लागला. व्याही भांडण विसरून बघत राहिले. सगळा मांडव हसला. मी खांबाआड गेले. नाचताना दादाचे डोळे एका माणसाच्या हातांवरून दुसऱ्याच्या हातांवर फिरत होते. ते मी पाहिलं होतं आणि पाहिलं नाही असं स्वतःला बजावलं होतं. आम्हा दोघांना ती कला लहानपणीच अवगत होती.

आमचे बाबा धामणगाव बढ्याचे मानाचे शेतकरी. गावात दोन भावांत बांधावरून तंटा झाला, की तो मिटवायला लोक बाबांना बोलवत. बाबा शांतपणे ऐकून घेत, हळू आवाजात दोन शब्द बोलत आणि तंटा मिटे. घरी येऊन ते तितक्याच शांतपणे दादाला मधल्या खोलीत बोलवत आणि आतून कडी लावत. कारण काहीही असे. बैलाचं दावं सुटलं होतं, पेल्यातलं पाणी सांडलं होतं, किंवा काहीच नव्हतं. कडी वाजली, की आई माझ्या हातात पिशवी देऊन म्हणे, "जाय माय, दुकानातून बेसन घेऊन ये." आमच्या घरी बेसनाचा डबा कधी रिकामा झाला नाही. मी परत येई, तेव्हा दादा ओट्यावर बसलेला असे. मला पाहताच तो डोळे तिरळे करी, कोंबडीसारखी मान हलवी आणि मी पोट धरून हसे. बाबांनी मला कधी बोट लावलं नाही. या विषयावर आमच्या घरात कोणी एक शब्द बोललं नाही. आई गेली, तीही न बोलताच.

पुढे बाबा गेले. तेराव्याला अख्खं गाव जेवायला होतं. कोणीतरी मला म्हणालं, तू शिकलेली आहेस, दोन शब्द बोल. मी उभी राहिले. काय बोलू? शेवटी म्हणाले, "आमच्या बाबांनी घरात कधी आवाज चढवला नाही." पंगतीतून खदखदून हसणं ऐकू आलं. दादा हसत होता. हातात बुंदीचा द्रोण, डोळ्यांतून पाणी, आणि हसणं काही केल्या थांबेना. लोकांनी माना फिरवल्या. चुलते म्हणाले, "अबे, लाज वाटू दे जराशी!" मी त्याच्याजवळ गेले आणि सर्वांदेखत सांगितलं, की आजपासून मला भाऊ नाही. त्याचं हसणं तेव्हा थांबलं. नंतर काही वर्षं राखी कुरिअरने जात राहिली. माझा आवाज मात्र त्याच्यापर्यंत गेला नाही.

मग एके दिवशी वहिनीचा फोन आला. "ताई, एक सांगायचं होतं. पोरीनं गमतीनं मागून येऊन तुमच्या दादाचे डोळे झाकले. तं हे दोन्ही हात डोक्यावर घेऊन खालीच बसले, दुकानात, गिऱ्हाइकांच्या समोर. ते पोरगी 'बाबा, मी हाय, मी हाय' म्हणून राह्यली होती, पण यायले ऐकूच येईना." कॉलेजात शिकणाऱ्या पुतणीनेच मग बुलडाण्याच्या एका समुपदेशक मॅडमचा पत्ता काढला. दादा तिथे जाऊ लागला होता आणि मॅडमनी विचारलं होतं, बहीण येईल का?

दादाने ही गोष्ट गुप्त ठेवली असेल, असं वाटणाऱ्याला दादा कळलेलाच नाही. नांदुऱ्याच्या बसस्टँडवर तो ओळखीच्या प्रत्येकाला सांगे, "मनाच्या डॉक्टरीनकडं चाललो. बुलडाण्याहून काही आणू का?" मी मात्र घरी चष्म्याचा नंबर तपासायला जाते असं सांगून निघाले. सोय अशी, की मॅडमची खोली चष्म्याच्या दुकानाच्याच माडीवर होती. तोंडाला स्कार्फ बांधून मी दुकानातल्या फ्रेमा न्याहाळत उभी होते, तोच वरच्या गॅलरीतून परिचित गर्जना आली. "बाई! मनाचा दवाखाना वर हाय, वर! जिना तिकून हाय!" समोरच्या चहाच्या टपरीवर माझ्या वर्गातल्या एका मुलीचे वडील बसले होते. त्यांनी अदबीने नमस्कार केला. मी स्कार्फ आणखी वर ओढला आणि जिना चढले.

पहिल्या भेटीत मी फक्त खिडकीबाहेर पाहिलं. दुसऱ्या भेटीत दादाने मॅडमना इतकं हसवलं, की त्यांनी चष्मा काढून डोळे पुसले. मग त्या म्हणाल्या, "छान हसवता तुम्ही. आता थोडं थांबू या का?" आणि माझ्याकडे वळून विचारलं, "ती कडी लागायची, तेव्हा तुम्ही कुठे असायचात?"

"दुकानात. बेसन आणायला."

"तिले काहीच ठाऊक नव्हतं, मॅडम," दादा घाईने म्हणाला. "लहान होती ते. तिले यात ओढू नका. तेराव्यालेही पाहा ना, काय बोलली ते. तिच्यासाठी बाबा देव होते. ते तसेच राहू द्या."

"ठाऊक होतं," मी म्हणाले.

दादा माझ्याकडे पाहत राहिला. मी मान वर न करता सांगितलं, की दुकान चार घरांवर होतं आणि मी बेसन घेऊन दुकानाच्या भिंतीला टेकून उभी राहायची. कडी काढल्याचा आवाज तिथवर येत नसे, म्हणून अंदाजाने निघायची. लवकर पोचायचं नाही याची काळजी घ्यायची. ओट्यावर तू असायचास. तू हसवायचास, म्हणून मी हसायची. नाही हसले, तर तुला कळेल की मला कळलंय. मग तुला लाज वाटेल.

"मी तं तुले कळू नये म्हणून तोंडात सदरा धरत होतो," दादा म्हणाला. "आवाज बाहेर जाऊ नये म्हणून. मंग मी इतकी वर्षं कोणापासून लपवून राह्यलो होतो वं?"

मग त्यानेच विचारलं, "अन् ते तेराव्याचं? आवाज चढवला नाही म्हणून काऊन बोलली मंग?"

"खोटं बोलता येईना दादा. जेवढं खरं होतं तेवढंच बोलले."

तो हसेल असं मला वाटलं. तो हसला नाही. चेहरा ओंजळीत धरून, अजिबात आवाज न करता, तो बराच वेळ बसून राहिला. आवाज न करणारा दादा मी पहिल्यांदा पाहत होते. त्याच्या पाठीवर हात ठेवावा असं वाटलं, पण मागून कोणी हात लावला तर त्याचं काय होतं हे आता माहीत होतं. म्हणून मी उठून समोर गेले, खाली बसले आणि म्हणाले, "मी आहे."

त्यानंतर सगळं सुरळीत झालं, असं मुळीच नाही. कधी तो यायचं टाळी, कधी मी. एकदा मी ओरडलेच, की तू मार खाल्लास, पण मला तर रडायचाही हक्क नव्हता; आणि बोलून झाल्यावर इतकी शरमले, की पुढच्या वेळी गेलेच नाही. पण चष्म्याची सबब मी सोडली. टपरीवरच्या त्या पालकांनी विचारलं, तेव्हा सांगून टाकलं, "भावासोबत समुपदेशनाला येते." ते हळूच म्हणाले, "मॅडम, नंबर मिळेल का हो त्या वरच्या बाईंचा?"

दिवाळीआधी दादा म्हणाला, "आता घरी चाल." त्याच्या घरी मी कित्येक वर्षांत गेले नव्हते. आम्ही नांदुऱ्याच्या एसटीत चढलो. एक बाक रिकामं होतं. मी सवयीने खिडकीकडे सरकले.

"ऊठ. खिडकी माही हाय," दादा म्हणाला.

"काहीतरीच! मी लहान आहे."

"पन्नाशीले टेकली, अन् लहान म्हणते! लहानपणापासून तूच बसून राह्यली खिडकीत. मी कधी बसलो, सांग बरं?"

"तूच द्यायचास!"

"देत होतो. आता नाई देत!"

आवाज चढले. त्याचाही आणि माझाही. मी उभी राहून बोट नाचवत होते, तो पिशवी आपटत होता. कंडक्टर म्हणाला, "काका, मावशी, बसा हो, गाडी सुटून राह्यली." आम्ही वळून पाहिलं, तर एक फेटेवाले आजोबा खिडकीपाशी बसून पाय वर घेत होते. "चालू द्या तुमचं," ते म्हणाले. "म्या ऐकून राह्यलो."

आम्ही दोघं त्यांच्या शेजारी अंग चोरून बसलो. गाडी राजूरचा घाट उतरू लागली. दादाला धाप लागली होती. तो आश्चर्याने म्हणाला, "बाई, आपण भांडलो."

"सगळी गाडी पाहत होती."

"लय जोरात भांडलो पण."

माझे कान गरम झाले होते. पण ही लाज साधी होती. चारचौघांत भावाने तोंड सोडलं, की कुठल्याही बहिणीला वाटते, तेवढीच. लोकांना ती सातव्या-आठव्या वर्षीच मिळून जाते. फेट्याच्या पलीकडे दरीचा एक तुकडा दिसत होता. आम्ही दोघंही माना लांब करून तो पाहत होतो.

"मोताळ्याले हे आजोबा उतरतीन," दादा माझ्या कानाशी कुजबुजला. "खिडकी पुन्हा रिकामी होते. तयार राह्य."