मोठ्या अक्षरांतला कागद

माझे वडील भिगवणच्या बाजारात मासळीचा लिलाव पुकारायचे. आम्ही त्यांना तात्या म्हणायचो. रोहू, कटला, चिलापी, उजनीच्या धरणातून जे वर येईल ते. आवाज असा, की हायवेवरच्या टपरीत चहा पिणाऱ्यालाही आजचा भाव कळायचा. बोली थांबली की ते क्रेटच्या कडेवर बोटाने तीनदा ठोकायचे. एक वार, दोन वार, तीन वार. तिसऱ्या ठोक्यानंतर समोरचा कितीही मोठा असो, त्याचं ऐकून घेतलं जायचं नाही. घरातही तीच पद्धत. मला पुढे शिकवायचं की नाही, याचा निकाल त्यांनी जेवता जेवता ताटाच्या कडेवर दिला होता. नशीब, तो माझ्या बाजूने लागला.

त्याच माणसाच्या गळ्याला भोक पाडून नळी घातली. बारामतीच्या एका खासगी दवाखान्यात, अतिदक्षता विभागात. फुप्फुसं कामातून गेली होती आणि श्वास मशीन घेत होतं. शुद्ध मात्र लख्ख. ओठ हलायचे, आवाज यायचा नाही, मग डोळ्यांत राग उतरायचा. पेन दिलं तर थरथरत्या हाताने नुसत्या रेघोट्या. पाणी हवंय का, कूस बदलू का, असं आम्ही विचारत राहायचो आणि आमचे सगळे अंदाज चुकायचे. आई केव्हाच गेलेली. उरलो मी आणि माझा थोरला भाऊ.

मी इंदापूरला प्राथमिक शाळेत शिकवते. प्रश्नपत्रिका लॅपटॉपवरच्या साध्या टेक्स्ट एडिटरमध्ये टाइप करते, कारण त्यात नुसती अक्षरं असतात, नखरे नसतात. तेच उघडून मी तात्यांसाठी शब्द टाइप केले. पाणी, दुखतंय, कूस, पंखा, खाज, थंडी. सगळ्यात खाली एक ओळ, हो, नको, पुन्हा. म्हणजे आम्ही विचारायचं आणि त्यांनी बोट ठेवायचं. ‘घर’ हा शब्द टाकायची माझी हिंमत झाली नाही.

पेनड्राइव्ह घेऊन दवाखान्यासमोरच्या झेरॉक्सच्या दुकानात गेले. कागद बाहेर आला तो नुसत्या चौकोनांचा. पाणीही चौकोन, थंडीही चौकोन. दुकानदाराने मराठीचं असंच होतं, इंग्रजीत करून आणा, असं सुचवलं. मी त्याला फाडून खाणार होते. तात्या चौथीपर्यंत शिकलेले, एकेक अक्षर लावून वाचणारे. त्यांना इंग्रजी कोण वाचून दाखवणार, मशीन? त्याने फॉन्ट बदलून पाहिला. आता अक्षरं आली, पण सगळी विस्कटलेली. काने-मात्रे आपापली अक्षरं सोडून बाजूला उभे, आणि प्रत्येकाजवळ ठिपक्यांचा एक गोल. शेवटी त्याच्या खुर्चीत मीच बसले. एक फॉन्ट बरा निघाला, पण चष्म्याशिवाय दिसावं म्हणून अक्षर मोठं केलं तर ‘दुखतंय’ मधोमध तुटून ‘तंय’ खालच्या ओळीत गेलं. कागद आडवा घेतला, शब्दांमध्ये मोकळ्या जागा मारून रकाने जुळवले, तेव्हा कुठे एक धड पान मिळालं. ते पान हातात आल्यावर मला इतका आनंद झाला, की तात्याच बरे झाले असं वाटलं. दुकानदाराने फाइल स्वतःकडेही ठेवून घेतली, पुन्हा लागली तर असावी म्हणून.

तात्यांनी कागद बराच वेळ वाचला. ओठ हलवत, वरून खाली. मग बोट सरळ शेवटच्या ओळीत उतरलं आणि ‘नको’वर थांबलं.

काय नको, असं मी विचारलं. पाणी? पंखा? त्यांनी बोट उचललं, गळ्याच्या नळीला लावलं आणि परत ‘नको’वर ठेवलं. मला कळलं. दादालाही कळलं. मी उठून पंखा बंद केला.

बाहेर आल्यावर दादाचं आणि माझं वाजलं. डॉक्टरांनी आम्हाला आधीच स्पष्ट सांगितलं होतं, फुप्फुसं परत येणार नाहीत, मशीन काढलं तर तात्या फार वेळ टिकणार नाहीत. दादाचं म्हणणं, तो शब्दच मुळात टाकायला नको होता. “तू हातात दिलास म्हणून म्हणत्यात ते. काढ तो त्यातनं.” मी नाही म्हटलं आणि शाळेच्या कामासाठी इंदापूरला निघून आले. एसटीत बसून रडले. बापाला नको म्हणायलाही परवानगी लागावी, याचा संताप येत होता, आणि दादाचं ऐकावं असंही वाटत होतं. दोन्ही खरं होतं.

परत गेले तेव्हा तात्यांच्या छातीवर नवा कागद होता. जुन्यावर औषध सांडलं, असं दादाने सांगितलं. तेच शब्द, तीच मोठी अक्षरं, तेच रकाने. मी जवळ बसले आणि काही दुखतंय का, असं विचारलं. तात्यांचं बोट कागदावरून सावकाश खाली आलं आणि शेवटच्या ओळीत, जिथे काहीच नव्हतं, तिथे थांबलं. मला वाटलं, नेम चुकला. मी त्यांचं बोट धरून ‘हो’वर नेलं. त्यांनी ते सोडवून घेतलं आणि पुन्हा त्या कोऱ्या जागेवर ठेवलं. डावीकडे ‘हो’, उजवीकडे ‘पुन्हा’, मध्ये पांढरा कागद. ओळ ढळू नये म्हणून दुकानदाराने पुसलेल्या ‘नको’च्या जागी नीट मोकळ्या जागा मारल्या होत्या.

मी दादाकडे पाहिलं. तो पलंगाच्या पायथ्याशी उभा होता, नजर फरशीवर. मला त्याला खूप बोलायचं होतं. चार दिवसांची दाढी, सुजलेले डोळे, अंगात बाजारातला मासळीचा वास मारणारा शर्ट. तात्यांच्या जागी आता तोच लिलाव पुकारत होता.

तात्यांनी त्याच्याकडे पाहिलं. तो वर बघेपर्यंत ते थांबले. मग त्या कोऱ्या जागेवर बोट उचलून आपटलं. त्यात जोर नव्हता, कागद जेमतेम हलला. थोड्या वेळाने पुन्हा आपटलं. मग बोट हवेत थरथरत राहिलं. मशीन श्वास ओढत होतं, सोडत होतं. मला वाटलं आता हात पडेल. पडला नाही. तिसऱ्यांदा त्यांनी बोट नेमकं त्याच जागी टेकवलं आणि दमून डोळे मिटून घेतले.

दादाने दोन्ही हातांनी त्यांचं पाऊल धरलं.

“तीन वार झालं,” तो मला म्हणाला. “आता आपण बोलायचं न्हाय.”

आणि तात्यांना घरी न्यायचंय हे सांगायला तो डॉक्टरांकडे गेला.