बादलीत आधी गार पाणी

आमच्याकडे अंघोळीला आधी गरम पाणी काढतात, मग त्यात गार विसण घालतात. आधी गार आणि वरून गरम, ते पाणी मयताचं. कुंडल गावात हे सगळ्यांना ठाऊक असतं. मलाही होतं, पण फौजेतल्या नोकरीत नळाखाली बादली लावायची सवय लागली होती.

नऊ वर्षांपूर्वी मी साताऱ्याहून गावी थोरल्या भावाकडे गेलो होतो. सकाळी नळाला पाणी आलं, तेव्हा त्याच्या अंघोळीची बादली मीच अर्धी भरून ठेवली. वहिनींनी घाईत चुलीवरचं पाणी आणून तीत ओतलं. भाऊ न्हाणीतच कोसळला, तो गेलाच. मेंदूत रक्तस्राव झाला, असं डॉक्टर म्हणाले. महिनाभर त्यानं रक्तदाबाच्या गोळ्या घेतल्या नव्हत्या.

तिसऱ्या दिवशी, राख सावडून आल्यावर, चुलत बहिणीनं सगळ्यांदेखत विचारलं, बादलीत आधी गार पाणी कुणी घेतलं होतं?

"पाणी वहिनींनी काढलं," मी म्हणालो.

वहिनींनी माझ्याकडे पाहिलं.

त्यांच्या हाताला गुण आहे म्हणून अख्खी आळी बाळांना न्हाऊ घालायला त्यांना बोलवायची. ते त्या दिवसापासून बंद झालं. स्वतःच्या पहिल्या नातीलाही बाहेरची बाई न्हाऊ घालायची आणि वहिनी सोप्यात तांदूळ निवडत बसायच्या. मी हे पाहिलं. चहा घेतला आणि एस. टी.नं परत आलो. एकदा नाही, अनेकदा.

गेल्या महिन्यात पुतण्याला मुलगा झाला. बारशाला सगळे जमले होते, तेव्हा मी सांगून टाकलं, की ते गार पाणी माझं होतं. पुतण्या उठून बाहेर गेला. सुनेनं बाळ आणून वहिनींच्या मांडीवर ठेवलं आणि म्हणाली, उद्यापासून तुम्हीच न्हाऊ घाला.

वहिनींनी त्याच्या टाळूवरून हात फिरवला आणि त्याला परत दिलं.

"आता खाली बसवत न्हाई, भावजी. हातबी कापत्यात. थोरल्या नातीच्या वक्ताला बोलायचं हुतं."

दुसऱ्या दिवशी मी निघायच्या आधी त्यांनी माझ्यासाठी पाणी काढलं. बादलीत नुसतं कढत पाणी होतं, शेजारी गार पाण्याची कळशी.

"विसण तुमचं तुमी घाला," त्या म्हणाल्या आणि आत गेल्या.