कराचीकरांची तालीम

माणसं पत्रिका बघून लग्न करतात, दिशा बघून घर घेतात आणि फुटबॉलचा संघ मात्र आईच्या पोटातूनच घेऊन येतात, निदान आमच्या कोल्हापुरात तरी. फुटबॉलचा संघ पत्रिका बघून ठरवायला निघालेला माणूस उभ्या आयुष्यात मी एकच पाहिला, आणि तो आमच्याच माडीवर भाड्याने राहत होता.

तोंडावर सगळे त्यांना 'पावणं', म्हणजे पाहुणे, म्हणत आणि माघारी कराचीकर. ते त्यांचं आडनाव नव्हे. खरं आडनाव आम्ही विचारलं होतं आणि विसरलोही होतो. फाळणी झाली, ज्या कराचीत जन्म काढला ती परदेश झाली, आणि हे गृहस्थ बायको, मुलगा, दोन ट्रंका आणि एक काळी छत्री घेऊन बोटीने मुंबईला उतरले. तिथून रेल्वेच्या मालधक्क्यावरची कारकुनी मिळाली म्हणून कोल्हापूर. आमचं संस्थान तेव्हा अजून विलीन व्हायचं होतं, त्यामुळे "मी एका परदेशातून निघून दुसऱ्या परदेशात आलो," असं ते गंभीरपणे सांगत. कुठलीही गोष्ट पारखून घेतल्याशिवाय पत्करायची नाही, हा त्यांचा बाणा. दूध कुठल्या म्हशीचं लावायचं हे ठरवायला ते महिनाभर दूधकट्ट्यावर रोज वेगळ्या म्हशीशेजारी पेला धरून उभे राहिले. अखेर एक म्हैस पसंत पडली, आणि ती आटली. चपला करायला टाकल्या तेव्हा करकर वाजणार नाहीत अशा करा म्हणून सांगितलं. चपला करणारा म्हणाला, "मग इतकं पैसं कशाला घालवताय? अनवाणीच हिंडा की."

त्यांच्या बायकोचं, आमच्या काकूंचं, तसं नव्हतं. त्या आल्या आणि पहिल्याच आठवड्यात नळावर घागरीवरून भांडल्या. समोरच्या आक्का कंबरेला पदर खोचून त्यांना वाटेल ते बोलल्या, काकूंनीही कराचीचा हिसका दाखवला, आणि संध्याकाळी त्याच आक्का वाटीभर तांबडा रस्सा घेऊन जिना चढल्या. काकू गल्लीच्या झाल्या त्या तिथेच. कराचीकर मात्र भांडत नसत. ते विचार करत.

आता तालमीचं सांगायला हवं. कोल्हापुरात तालीम म्हणजे नुसता कुस्तीचा आखाडा नाही. तिथे पैलवान घुमतात, गणपती बसतो, मोहरमचे पंजे बसतात, नवरा-बायकोची भांडणं मिटतात, आणि प्रत्येक तालमीचा फुटबॉलचा संघ असतो. ज्या गल्लीत पाळणा हलला त्या गल्लीची तालीम. आमचं घर नेमकं शिवेवर. पुढचं दार चिंचेच्या तालमीच्या गल्लीत, मागचं दगडी तालमीच्या. आम्ही पिढ्यान्पिढ्या पुढच्या दाराने येतो-जातो म्हणून आम्ही चिंचेचे, अंगावर तांबडा रंग. दगडीवाले पिवळे, आणि आमच्या मते माणसांत न मोडणारे. पण माडीचा जिना उतरायचा मधल्या बोळात, ना धड इकडे ना धड तिकडे. त्यामुळे कराचीकर कोणाचे, हा पेच दोन्ही गल्ल्यांना पहिल्या दिवसापासून पडला.

तोंडावर विचारलं ते गुलाबभाईंनी. गुलाबभाई कल्हईवाले, आमच्या गल्लीच्या तोंडाशी त्यांचा भाता, आणि चिंचेच्या संघाच्या बाबतीत त्यांचा शब्द अखेरचा. कराचीकर कल्हईला पातेली घेऊन गेले होते, मी सोबत होतो.

"पावणं, कुठल्या तालमीचं म्हनायचं तुमी?"

"अजून ठरवायचं आहे," कराचीकर म्हणाले.

गुलाबभाईंचा भात्यावरचा हात थांबला. "ठरवायचं हाय म्हंजे?"

"म्हणजे सर्वांचा खेळ पाहीन. तुलना करीन. मग योग्य तो संघ निवडीन."

"पावणं," गुलाबभाई शांतपणे म्हणाले, "मामा कुनी निवडून आनतंय व्हय?"

पण कराचीकरांनी निवड आरंभलीच. प्रत्येक सामन्याला छत्री घेऊन हजर. आमच्या मैदानावर तांबडे एका अंगाला, पिवळे दुसऱ्या अंगाला, आणि मध्ये ओसाड पट्टा. त्या पट्ट्यात छत्री उघडून हे एकटे. सुरुवातीला दोन्ही तालमींनी त्यांना गूळ लावून पाहिला. आमच्याकडून चहा, तिकडून भडंगाचा पुडा. भडंग त्यांना आवडलं, पण "खेळाशी त्याचा संबंध नाही," असं म्हणून त्यांनी ते दोघांचंही खाल्लं. त्यात भर म्हणजे त्यांना टाळ्या वाजवायची खोड. चांगला पास दिसला की टाळी, मग तो कोणाचा का असेना. एकदा दगडीच्या पोरानं आमच्या गोलात असा काही चेंडू मारला की आमच्या बाजूला स्मशानशांतता पसरली, आणि त्या शांततेत कराचीकर उभे राहून एकटेच टाळ्या वाजवत होते. "पावणं, हात दुखतील की," मागून कोणीतरी म्हणालं. पुढच्या सामन्यात त्यांनी आमच्या गोलालाही तितक्याच टाळ्या वाजवल्या, तेव्हा पिवळेही बिथरले. चहा बंद झाला, भडंग बंद झालं. एकजण म्हणाला हेर आहे, दुसरा म्हणाला पंच व्हायचंय त्याला.

आणखी एक खोड होती. सामना संपला, माणसं पांगली, पोरं गोलाची जाळी काढायला लागली तरी हे जागचे हलत नसत. जाळीची गुंडाळी होऊन ती खांद्यावर निघाली की मगच छत्री मिटायची. मी हसायचो. कराचीची माणसं मागास असावीत, खेळ संपलेला त्यांना उशिरा कळत असावा, असं मी गुलाबभाईंना सांगितलंही होतं.

वर्षामागून वर्षं गेली. संस्थान विलीन झालं, मुलगा कॉलेजात गेला, पण कराचीकरांचा निर्णय होईना, आणि त्यांची 'पावणं'तून सुटका होईना. मला वाटायचं, त्यांना त्याचं काही नसावं. एकदा मैदानावरून परतताना ते आपणहून बोलले. "इथे सगळं मिळालं हो. नोकरी मिळाली, माणसं चांगली मिळाली. पण हाक येते ती पाहुण्याची. पाहुण्याला एक दिवस जावं लागतं. एकदा तरी मला कोणीतरी घरच्यासारखी हाक मारावी, एवढंच वाटतं." मग नेहमीच्या आवाजात म्हणाले, "यंदा मात्र निर्णय होणार. तर्काने पाहिलं तर दगडी तालीम उजवी आहे." मला त्यांची कणव येत होती ती तिथल्या तिथे आटली.

अंतिम सामना लागला तो नेमका चिंच आणि दगडी. निम्मं गाव मैदानावर. कराचीकर आपल्या पट्ट्यात. आम्ही एका गोलाने मागे, आणि खेळ संपत आलेला. एवढ्यात आमच्या पुढच्या फळीतल्या पोराला चेंडू असा मिळाला की समोर फक्त गोल. गोलरक्षक बाजूला लोळतोय. शेजारच्या म्हाताऱ्यानं काठीनं ढकलला असता तरी आत गेला असता. आमच्या पोरानं तो आभाळात मारला.

आम्ही तोंड उघडायच्या आत मधल्या पट्ट्यातून आवाज आला.

"आरं आंधळ्या! गोल हाय का दिसत न्हाय तुला? खेळतोय कशाला, म्हसरं राख जा, म्हसरं!"

सगळ्यांनी वळून पाहिलं. कराचीकर उभे होते, छत्री बंद करून ती त्या पोरावर रोखलेली. आपण काय बोललो ते त्यांना उमगलं तेव्हा त्यांचा चेहरा कानापर्यंत लाल झाला. त्यांनी इतकी वर्षं टाळ्या मोजूनमापून वाटल्या होत्या. शिवी मात्र न मोजता एकाच बाजूला गेली. आणि आमच्याकडे तर साधा नेम आहे: टाळी पाहुण्यालाही वाजवतात, शिवी फक्त घरच्याला देतात.

गुलाबभाईंनी बसल्या जागेवरून ओरडून सांगितलं, "बसा की खाली, कराचीकर! आमाला दिसंना झालंय. आन् तितं काय करताय, इकडं या!"

पावणं नाही, कराचीकर. ते आले, दाटीवाटीत गुलाबभाईंच्या शेजारी बसले आणि बराच वेळ चष्मा पुसत राहिले. सामना आम्ही हरलो. त्यांचा तर्क बरोबर होता, दगडी उजवीच होती. त्या तर्काचं नाव त्यांनी पुन्हा काढलं नाही. जाळी निघेपर्यंत गुलाबभाई आणि मीही त्यांच्यासोबत बसलो. तेव्हा ते म्हणाले, "कराचीत आमचा बंदरवाल्यांचा संघ होता. शेवटचा सामना अर्धा पाहिला आणि उठलो, बोट सुटणार होती. दोन-एकनं पुढे होतो. मग काय झालं ते काही कळलं नाही." त्यांच्या त्या शेवटपर्यंत थांबण्यावर मी कधी हसलो होतो, याची मला फार लाज वाटली.

पुढे मुलाला नागपूरला नोकरी लागली आणि त्याने दोघांना बोलावून घेतलं. निघायच्या दिवशीच आमचा सामना होता. कराचीकर अर्ध्या खेळाला उठले. गाडीची वेळ होती. गुलाबभाईंनी नुसती मान हलवली. मी त्यांना पोहोचवायला स्टेशनवर गेलो. डब्यात बसून ते फलाटाच्या फाटकाकडे बघत होते. शिट्टी झाली आणि फाटकातून सायकल ढकलत गुलाबभाई आत धावत आले, धापा टाकत, त्या वयात.

"हारलो की वो, कराचीकर! तीन-एक!"

कराचीकरांचा चेहरा उजळला. गाडी हलली आणि त्यांनी खिडकीतून मान बाहेर काढून गोलरक्षकापासून सुरुवात केली. एकेका खेळाडूचं नाव घेऊन त्यांनी जे काही ऐकवलं ते अस्सल कोल्हापुरी होतं. काकू त्यांचा कोट धरून आत ओढत होत्या. पुढच्या फळीपर्यंत यायच्या आत गाडी वळणावर गेली.

फलाटावरच्या चहावाल्यानं विचारलं, "कुठलं पावणं म्हनायचं?"

"पावणं कुटलं," गुलाबभाई सायकल वळवत म्हणाले, "आमच्या तालमीचं हाय ते."

आता गुलाबभाईंच्या भात्याची जागा मोकळी आहे आणि माडीवर दुसरं बिऱ्हाड आहे. चिंचेची तालीम अजून हरते. सामना संपला की मी जाळी निघेपर्यंत बसतो, आणि उठताना दर वेळी वाटतं, निकाल कोणालातरी सांगायचा राहिलाय.