तिघी बहिणींचा सर्व्हर

भाड्यानं सर्व्हर देणाऱ्या कंपनीनं आमचं गाव पुसून टाकलं आणि वर आभार मानले. ‘इतकी वर्षं आमच्यासोबत राहिल्याबद्दल धन्यवाद’ अशी ती इंग्रजी मेल होती. जुने प्लॅन बंद केले, सूचना आधीच दिली होती, मुदतीत डेटा उतरवून न घेतल्यास जबाबदारी आमची नाही. सूचना कुठे दिली होती, तर त्यांच्या वेबसाइटच्या एका कोपऱ्यात. मी दर महिन्याला न चुकता भाडं भरत होते, ते मात्र त्यांना बरोबर पोचत होतं.

गाव म्हणजे खेळातलं गाव, कंपनीच्या कायम चालू असणाऱ्या कॉम्प्युटरवर, म्हणजे सर्व्हरवर, साठवलेलं. ठोकळे रचून जग उभारायचा एक खेळ आहे, हल्ली पोरंसोरं सगळीकडे खेळतात. आम्ही तिघी बहिणी तो खेळायचो. मी सोलापुरात, टॉवेलच्या कारखान्यात ऑफिस आणि तिथले कॉम्प्युटर सांभाळते. धाकटी बार्शीत शाळेत शिकवते. मधली हुबळीला दिलेली. आमच्या घरात अर्धं मराठी, अर्धं कानडी चालतं, त्यामुळे तिला तिकडे भाषेचं अवघड गेलं नाही. अवघड गेलं ते दुसरंच. तिचे सासरे अंथरुणाला खिळलेले, सासूबाई थकलेल्या, घरात करणारी ती एकटी. माहेरी येणं तर सोडाच, दुपारी शेजारी जाऊन बसणंही तिला जमत नाही. लॉकडाउनमध्ये धाकटीच्या मुलांनी आम्हाला हा खेळ शिकवला. मुलं कंटाळून दुसऱ्या खेळाकडे गेली, आम्ही तिथंच राहिलो. रविवारी दुपारी सासरे झोपले की मधली लॅपटॉप उघडायची, कानात हेडफोन घालायची, आणि आम्ही तिघी नदीकाठी ज्वारी लावत गप्पा मारायचो. मधलीनं तिथं एक लांबच लांब कालवा खोदला होता. महिनोन् महिने, एकेक ठोकळा काढत.

मेल वाचून मी कंपनीला लिहिलं. उत्तर यंत्रानं दिलं. परत लिहिलं, परत यंत्रानंच दिलं. शेवटी मधलीला फोन करून सांगितलं. ती म्हणाली, “होगली बिडू, अक्का.” जाऊ दे, सोडून दे.

मला त्या कंपनीपेक्षा जास्त राग त्या ‘जाऊ दे’चा आला. तिनं आयुष्यात काय काय जाऊ दिलंय ते मला माहीत आहे. म्हटलं, “का जाऊ दे? आता सर्व्हर माझ्या घरात असणार. बघते कोण पुसतंय ते.”

घरी सांगितलं तर नवरा म्हणाला, “अगं, खेळच तर आहे.” ते होटगीला रेल्वेत आहेत, मनानं चांगले आहेत, पण क्रिकेटची मॅच हरली की त्या दिवशी जेवत नाहीत. मी म्हटलं, “मॅचपण खेळच असते की.” मग ते नवी पेठेतल्या कॉम्प्युटरच्या दुकानात माझ्याबरोबर यायला तयार झाले.

मला काय हवंय ते मी आधी नीट वाचून ठरवलं होतं. एकच मशीन घ्यायची, पण तिचे आतून भाग पाडायचे, घरात भिंती घालून वेगवेगळे भाडेकरू ठेवतात तसे. याला व्हर्च्युअलायझेशन म्हणतात. एका भागात आमच्या बहिणींचं जग, दुसऱ्यात भाच्यांचं. घरचा सर्व्हर येणार म्हटल्यावर ते पुन्हा या खेळाकडे वळले होते, आणि त्यांना गाड्या, तोफा, काय काय नवं घालून बघायचं असतं. त्यांचा भाग कोसळला तरी आमची ज्वारी उभी राहिली पाहिजे. यासाठी प्रोसेसर चपळ हवा, मेमरी भरपूर हवी, डिस्क नवी हवी. ग्राफिक्स कार्ड अजिबात नको, कारण त्या मशीनला पडदाच जोडायचा नव्हता. चित्रं प्रत्येकीच्या लॅपटॉपवर दिसणार, सर्व्हर फक्त कोण कुठे उभं आहे याचा हिशेब ठेवणार.

दुकानात काचेच्या पेट्यांमध्ये लाल-निळे दिवे फिरत होते. दुकानदारानं यांना खुर्ची दिली. मला नाही.

“बोला सर. मुलासाठी का?”

“मला हवाय,” मी म्हटलं.

तो हसला आणि यांच्याकडे बघून म्हणाला, “गेमिंग म्हटलं की सर, ग्राफिक्स कार्ड पहिलं. तिथं काटकसर करायची नाही.”

मी सर्व्हरचं सांगितलं. पडदा नाही, चित्रं नाहीत, कार्ड काय करणार? त्यानं ऐकून घेतलं, ऐकून घेतल्यासारखं केलं, आणि यांनाच विचारलं, “सर, बजेट काय आहे?”

“मला काही माहीत नाही. तिला विचारा,” हे म्हणाले.

त्यानं मग कागदावर एक यादी लिहिली. पहिली ओळ ग्राफिक्स कार्डची. कार्ड एकटंच माझ्या सगळ्या अंदाजाच्या बाहेर जात होतं. मी ते खोडायला सांगितलं. तो म्हणाला, “मॅडम, रोज इतकी गिऱ्हाइकं येतात, आम्हाला कळतं ना.” वर दिवेवाली पेटी फुकट देतो म्हणाला! मी पर्स उचलली. बाहेर येऊन गाडीला किक मारेपर्यंत माझे कान तापलेले होते. हे म्हणाले, “एवढं काय मनावर घेतेस?” मी म्हटलं, “तुम्हाला खुर्ची मिळाली, तुम्ही नका घेऊ.”

मग पुण्याच्या चुलतभावाचा फोन. तो मोठ्या कंपनीत आहे, म्हणून आमच्या घराण्यात त्याचा शब्द म्हणजे शेवटचा. “सर्व्हर हवा तर खरा सर्व्हर घे. कंपन्या जुने विकतात. वीस-वीस कोअर असतात. डेस्कटॉपवर कुणी सर्व्हर चालवतं का?” त्यानं एमआयडीसीतल्या एका ओळखीच्या गोदामात मला पाठवलं. तिथं ते लांब, चपटं, लोखंडी धूड टेबलावर पडलेलं होतं. माणसानं बटण दाबलं आणि असा आवाज सुटला की शेजारच्या शेडमध्ये चाललेले यंत्रमाग मला ऐकू येईनात. मी ओरडून विचारलं, “हा कमी होतो का?” तो ओरडून म्हणाला, “होतो की, पण लई न्हाई!”

आमचं घर दोन खोल्या आणि स्वयंपाकघर. तो आवाज ठेवायचा कुठे? शिवाय वीज किती ओढणार, आणि सोलापूरच्या मे महिन्यात घरात आणखी एक भट्टी लावायची? मुख्य म्हणजे हा खेळ सगळा भार एकाच कोअरवर, प्रोसेसरमधल्या एकाच कामगारावर, टाकतो. वीस संथ कोअर असून उपयोग नाही, एक चपळ हवा. हे मी भावाला फोनवर सांगितलं. तो म्हणाला, “हे बघ, हे तुझ्या लाइनचं नाही. मी सांगतो ते ऐक.” पंधरा वर्षं मी कारखान्यातले कॉम्प्युटर उघडून नीट करते. माझी लाइन कोणती, हे त्यानं पुण्यात बसून ठरवलं. मी फोन ठेवला आणि बरेच दिवस उचलला नाही.

जुना ऑफिसचा डेस्कटॉप हे सगळ्यात शहाणपणाचं, हे मला दिसत होतं. मोठ्या ऑफिसांतून भाड्याची मुदत संपलेल्या मशीन बाजारात येतात, मजबूत असतात, आवाज नसतो, वीज कमी खातात. रेल्वे स्टेशनच्या बाजूला असा माल विकणारा एक जण होता. त्याच्याकडे मला हवी तशी मशीन दिसली. पुढे प्रोसेसरचा स्टिकर चकचकीत. खटकला मला तो त्या चकचकीतपणामुळेच. बाकी मशीनला ओरखडे, आणि स्टिकर तेवढा नवा?

“चालू करून दाखवा. आतली सेटिंग बघायचीय,” मी म्हटलं.

“ताई, वॉरंटी देतो ना. विश्वास नाही का?”

“बघून ठेवते विश्वास.”

त्यानं नाखुशीनं वायर लावली. मी कीबोर्ड ओढून घेतला, सुरू होतानाच आतल्या सेटिंगचा पडदा उघडला. प्रोसेसर स्टिकरपेक्षा कितीतरी जुना निघाला. मेमरीही सांगितल्याच्या अर्धी.

“हे काय आहे?”

“असेल काहीतरी मागेपुढे. चालतंय तर खरं.”

“मागेपुढे? तुम्ही स्टिकर बदललाय.”

दुकानात आणखी दोन गिऱ्हाइकं होती. ती बघायला लागली तसा त्याचा आवाज खाली आला. “ताई, कशाला तमाशा करता? तुम्ही असं करा, साहेबांना पाठवा. त्यांच्याशी बोलतो मी.”

माझा आवाज मात्र खाली आला नाही. मी त्या दोघा गिऱ्हाइकांनाच सांगितलं, “घ्यायच्या आधी आत बघा. बाहेर काहीही चिकटवलेलं असतं.” एक जण हातातली मशीन खाली ठेवून निघून गेला. एवढंच माझ्या हाती लागलं. घरी येताना रस्त्यात मला रडू आलं, रागानं. ते फसवणुकीमुळे नव्हतं. पकडला गेल्यावरही त्याला माझ्याशी बोलायचं नव्हतं, त्याचं होतं.

मार्ग निघाला तो धाकटीमुळे. बार्शीत तिच्या शाळेजवळ एक बाई कॉम्प्युटरचे क्लास चालवायच्या. मुलं फोनवर शिकायला लागली, क्लास बंद करायची वेळ आली, आणि त्या मशीन विकत होत्या. मी एसटीनं गेले. बाईंनी मला आत नेलं, एका मशीनचं झाकण काढलं आणि म्हणाल्या, “बघून घ्या सगळं. मी चहा टाकते.” बस. ‘कुणासाठी’ नाही, ‘तुम्हाला कळतं का’ नाही. मी सावकाश बघितलं. प्रोसेसर हवा तसा होता, मेमरीला आणखी दोन जागा मोकळ्या होत्या. व्हर्च्युअलायझेशनची सेटिंग बंद होती, ती तिथंच चालू करून पाहिली. डिस्क जुनी होती, तिचा खडखड आवाज येत होता, ती मी घरी काढून नवी घालणार होते.

“काय करणार याचं?” चहा पिताना त्यांनी विचारलं.

मी सांगितलं. कालव्याचंही सांगितलं. त्या कप हातात धरून बसल्या. म्हणाल्या, “न विचारता पुसलं? असं कसं पुसलं?” इतक्या दिवसांत माझ्याएवढं कुणी चिडलेलं मी पहिल्यांदा बघितलं, आणि मला एकदम हलकं वाटलं.

परतीच्या एसटीत मशीन मांडीवर घेऊन बसले. कंडक्टर आला. “काय हाय ह्यात? टीव्ही हाय व्हय?”

“कॉम्प्युटर आहे.”

“मग लगेज पडंल की.”

“मांडीवर आहे, दादा. जागा कुठे अडवलीय?”

“मांडी बी एसटीच्याच शिटावर हाय न्हवं का,” तो म्हणाला. माझ्या शेजारच्या आजीबाई फिसकन हसल्या. मला भांडायचं होतं, पण तो वाक्य टाकून, तिकीट न फाडताच पुढे सरकला.

घरी नवी डिस्क घातली, मेमरी वाढवली, टीव्हीच्या इन्व्हर्टरची एक वायर मशीनकडे ओढली, कारण आमच्याकडे लाइट कधी जाईल याचा नेम नाही. दोन्ही भाग झाले, मी आणखी एक तिसरा भाग प्रयोगासाठी ठेवला. घरातल्या घरात सगळं छान चाललं. बाहेरून मात्र बहिणींना काही केल्या जोडता येईना.

इंटरनेटवाल्याच्या ऑफिसात गेले. काउंटरवरचा माणूस म्हणाला, “तुमच्या सगळ्या गल्लीला इंटरनेटवर बाहेरचा पत्ता एकच असतो मॅडम, त्यामुळे बाहेरून थेट तुमच्या घरी जोडता येत नाही. स्वतंत्र पत्ता पाहिजे तर धंद्याचा प्लॅन घ्या. आणि घरात सर्व्हर चालवायला परवानगी नसते.”

“कुणाची परवानगी?”

“नियम आहे.”

“कुठे लिहिलाय? दाखवा.”

तो स्क्रीनवर बराच वेळ काहीतरी शोधत राहिला. सापडलं नाही. “वरून सांगितलंय,” म्हणाला. वर कोण ते त्यालाही माहीत नव्हतं. मग मी धंद्याच्या प्लॅनचा नाद सोडला. सर्व्हरवर आणि तिघींच्या लॅपटॉपवर एक छोटं फुकटचं सॉफ्टवेअर घातलं. त्यातून तिघींसाठी आतला एक खासगी रस्ता होतो, जणू तिन्ही लॅपटॉप एकाच घरात आहेत. मधलीला फोनवर ते घालायला शिकवताना मात्र माझा सगळा राग पुन्हा वर आला, कारण ती प्रत्येक पायरीला म्हणत होती, “मला नाही जमायचं गं.” हे वाक्य तिला कुणी शिकवलं? लहानपणी घरातला रेडिओ खोलून परत जोडणारी हीच होती.

जमलं तिला.

त्या रविवारी आम्ही नव्या जगात उतरलो. सगळं कोरं. समुद्र, एक डोंगर, काही मेंढ्या. मी तावातावानं म्हटलं, “चला, आधी नदी शोधू, कालवा होता तिथून सुरुवात करू.”

“तो नको,” मधली म्हणाली. “तेच परत कशाला खोदायचं? मला डोंगरावर घर पाहिजे.”

मला ते पटलं नाही, अजून पटत नाही. माझ्या मते त्या कंपनीच्या नाकावर टिच्चून तोच कालवा तसाच्या तसा काढायला हवा होता. पण कालवा तिचा होता. धाकटीनं कुऱ्हाड करून लाकडं तोडायला घेतली, मी दगड गोळा करायला लागले, आणि मधली डोंगर चढत चढत सासूबाई काय म्हणाल्या, नणंद केव्हा येणार आहे, दूध कसं नासलं, ते सांगत राहिली.

मधेच तिकडून सासऱ्यांची हाक ऐकू आली. “आले हां,” म्हणाली आणि हेडफोन काढून गेली. खेळात तिची बाई डोंगराच्या कड्यावर तशीच उभी. खेळातला दिवस कलला. अंधार पडला की त्या जगात भुतंखेतं निघतात. धाकटी आणि मी धावत वर गेलो, तिच्या चारी बाजूंनी भिंत रचली, वर मशाल लावली आणि तलवारी घेऊन दोघी दोन बाजूंना उभ्या राहिलो. ती परत येईपर्यंत.