सासुरवाडीची माती

खाणीवर त्यांना सगळे रंधाकाका म्हणत. पोकलेनच्या बकेटची पाठ ते जमिनीवरून अशी फिरवत, जसा सुतार फळीवर रंधा मारतो. काकांनी केलेल्या रस्त्यावरून काठोकाठ भरलेला चहाचा कप घेऊन जा, थेंब सांडणार नाही, अशा पैजा डंपरवाले लावत.

काका वाळू-खडीच्या त्या खाणीवर लागले तेव्हा फावडी, घमेली आणि हाताने हलवायच्या चाळण्या होत्या. एक शेत पोखरून झालं की खड्डा तसाच टाकायचा आणि दुसरं शेत धरायचं, ही रीत. खड्ड्यांची तळी झाली आणि शेतवाले काठावर बसून बेडूक मोजत राहिले. मग नियम आला. वरची माती वेगळी काढून ठेवा, काम संपलं की खड्डा भरून तीच माती वर पसरा, जमीन परत करा. नियम करायला काय जातं! माती सांभाळायला माणूस लागतो.

ते काम काकांच्या गळ्यात पडलं, कारण पुढचं शेत नेमकं त्यांच्या सासऱ्यांचं निघालं. काकू तेव्हा बांधावर उभ्या राहून म्हणाल्या होत्या, "अहो, वाळू न्या, खडी न्या. पण आमची काळी माती इकडची तिकडे होता कामा नये."

सव्वीस वर्षं तो ढीग कुंपणाजवळ गवत पांघरून होता. खाणीवर त्याचं नाव 'सासुरवाडी'. नवा मॅनेजर आला की माती विकून टाकू म्हणायचा, आणि काकांचं मशीन नेमकं त्याच दिवशी बिघडायचं. सासरे गेले, शेताचा करार काकूंच्या नावावर झाला, काका साठीला टेकले आणि खाण संपली. खड्डा भरून झाला की सकाळी उठून जायचं कुठे, हे मात्र काकांनी कुणालाच विचारलं नाही.

खड्डा भरला, वर मुरूम, मुरमावर काळी माती. शेवटचा हात काकांचा. त्यांनी आयुष्यभराचं कसब पणाला लावलं, अख्खं शेत दाबून चोपून गुळगुळीत केलं आणि काकूंना मोठ्या ऐटीत बघायला आणलं.

काकूंनी पहार उचलून जमिनीत मारली. ठण्ण! टोक बोटभरही आत गेलं नाही.

"अहो, हे काय केलंत?"

"लेव्हल."

"विमान उतरवायचंय का इथे? पाणी मुरणार कुठे? मुळं जाणार कुठून?"

काकांचा चेहरा खर्रकन उतरला. सहा महिन्यांनी तपासणीचे साहेब येणार होते. पीक उभं दिसलं तर जमीन काकूंची; नाहीतर ती खाणीच्या कंपनीकडेच राहणार आणि तिथे गोदामं होणार, असा करार होता.

दोन दिवस काका शेताकडे फिरकले नाहीत. ज्या हातांचं जगाने कौतुक केलं त्यांनीच घात केला, तर माणसाने जावं तरी कुठे? तिसऱ्या दिवशी ते मशीनवर चढले. बकेटचे दात खोल रुतवून माती उकरायची आणि मशीन मागे मागे घ्यायचं, म्हणजे मोकळी केलेली माती पुन्हा दबत नाही.

"काका, म्हातारपणी हात थरथरतोय वाटतं!" डंपरवाले ओरडले.

"अजून खोल," काकू बांधावरून म्हणाल्या.

"अगं, किती ओबडधोबड दिसतंय!"

"दिसू दे. वाटाण्याला दिसत नाही."

काम संपलं तेव्हा शेतभर ढेकळं झाली होती. काकांनी त्याकडे पाठ फिरवून डबा खाल्ला. पावसाने ढेकळं फुटली आणि काकूंनी वाटाणा पेरला.

साहेब आले तेव्हा वाटाणा गुडघ्यापर्यंत आला होता. त्यांनी एक रोप उपटलं, लांबलचक मूळ पाहिलं आणि कागद काढला. काकूंनी सही केली.

"मालक तुम्ही. आणि शेत कसणार कोण?" साहेबांनी विचारलं.

काका बांधावरच उभे होते. शेजारच्या एखाद्या शेतकऱ्याचं नाव येईल, म्हणून ते खाली बघत होते.

"हे कसतील," काकू म्हणाल्या.

"मी? अगं, मला शेतीतलं काय कळतं?"

"काही कळत नाही, ते दिसलंच. मी शिकवीन. उद्या सकाळी सहाला यायचं, उशीर चालणार नाही."

काकांना हसूही आलं आणि रडूही. साहेबांसमोर रडायची लाज वाटून त्यांनी मान वळवली आणि डोळे पुसत विचारलं, "डबा आणायचा का?"